मृग बहाराचा संत्रा कोल्डमध्ये ठेवावा का? (नरखेड-काटोल पट्टा, नागपूर)

नरखेडचा_पोट्टा:
नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे हे आधीच सांगून ठेवतो. बाग नरखेड तालुक्यात, बाबा आणि काका पाहतात, मी मिहानमध्ये नोकरीला, म्हणजे शनिवार-रविवारचा शेतकरी. गावातल्या बागायतदारांनी मिळून शेतकरी कंपनी काढली आहे आणि सध्या सगळ्यांच्या डोक्यात एकच खूळ, कोल्ड स्टोरेज. एक कन्सल्टंट येऊन गेले, पाच हजार टनांचा रंगीत प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवून गेले. त्यात गणित असं की आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात तुटणारा माल डिसेंबरात पडत्या भावानं आत टाकायचा आणि मे महिन्यात बाजारात संत्रा दिसत नाही तेव्हा काढून विकायचा. सोबत दोन रीफर, म्हणजे थंड पेटीच्या गाड्या, एक दिल्लीला एक कोलकात्याला. सबसिडी इतकी, कर्ज इतकं, पाच वर्षांत सगळं फिटून वर नफा. बाबा म्हणतात एवढं सोपं असतं तं नागपूरच्या कलमना बाजारातल्या दलालांनी कधीच केलं नसतं का. मला बाबांचं पटतं पण रिपोर्टमध्ये नेमकं पाणी कुठं मुरतंय ते सांगता येत नाही. ज्यांनी कोल्ड चालवलंय, गाड्या चालवल्यात, माल ठेवून पाहिलाय त्यांनी लिहा ना.

बोंडअळी:
डिसेंबरचा संत्रा मे मध्ये काढणार? भाऊ, बाहेर संत्रा नाही, मुरब्बा येईन.

थंडडोकं:
हिंगण्याला रेफ्रिजरेशनच्या कामात आहे, कोल्ड बसवणं आणि बसवलेल्या कोल्डची बोंब ऐकणं हाच धंदा. बोंडअळी भाऊ मस्करीत बोलले पण खरं बोलले. नागपुरी संत्रा ६ ते ७ डिग्री आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता, एवढं सांभाळलं तर साधारण ४५ दिवस चांगला राहतो, अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची शिफारसही हीच आहे. निवडलेला माल, वॅक्स वगैरे केलं तर थोडं पुढं ताणता येत असेल, पण डिसेंबर ते मे म्हणजे पाच महिने. सफरचंद महिनोन्महिने राहतं ते बघून लोकांना वाटतं सगळीच फळं राहतात. आपल्या संत्र्याची साल सैल, सोलायला सोपी म्हणून तर लोक घेतात, तीच साल ठेवायच्या बाबतीत नडते, फळ पोलं होतं, वजन उतरतं, चव जाते. बरं अजून थंड करून जास्त दिवस ठेवू म्हणाल तर तेही जमत नाही, फार खाली नेला की सालीला खड्डे पडतात, तपकिरी चट्टे येतात, आणि आत असेपर्यंत ठीक दिसणारा माल बाहेर काढल्यावर दोन-तीन दिवसांत बसतो. लिंबू तर याहून नाजूक, ८ ते १० च्या खाली नेऊच नये.

अजून एक, संत्रा हा केळी-आंब्यासारखा तोडल्यावर पिकत नाही. झाडावरून उतरला तेव्हा जेवढा गोड तेवढाच, आत ठेवून सुधारत नाही. कच्चा तोडून कोल्डमध्ये टाकू आणि मग बघू असं कोणी म्हणत असेल तर तिथंच थांबवा.

कोल्डचं खरं काम मृग बहाराला, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर तुटणाऱ्या मालाला आहे. आंबिया येतो तेव्हा नागपुरात रात्री तशाही थंड असतात आणि माल एवढा असतो की साठवून काय साठवणार. मृगाचा तोडा फेब्रुवारीत सुरू होऊन एप्रिलपर्यंत जातो, मार्चच्या शेवटी पारा ४० ला टेकतो, तेव्हा शेडमध्ये पडलेला संत्रा आठवड्याभरात सुरकुततो. मार्चअखेरचा चांगला माल ४५ दिवस धरला तर मेच्या मध्यापर्यंत जातो. कन्सल्टंट साहेबांना मे महिनाच हवा असेल तर तो असा मिळतो, डिसेंबरकडून नाही.

नरखेडचा_पोट्टा:
धन्यवाद साहेब, हे एवढं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. मग मृगापुरतं तरी पाच हजार टन लागेल का? आणि आधीच नागपुरात एवढी कोल्ड आहेत, कलमना, भंडारा रोड, त्यात जागा भाड्यानं घेतली तर?

कलमना_कट्टा:
जागा भाड्यानं घेतो म्हणता, आधी आत जाऊन वास घ्या. त्या कोल्डमध्ये मिरची आहे भाऊ. लाल वाळलेली मिरची, चिंच, थोडीफार डाळ-चणा. आमच्या इकडच्या कोल्डचं पोट मिरचीवर भरते, भिवापूरपासून तं पार आंध्र-तेलंगणाची मिरची येऊन पडते, वर्षभर भाडं चालू राहते. संत्र्यासाठी ते आपला एक चेंबर दोन महिने काहून रिकामा करतीन?

थंडडोकं:
आणि केला तरी उपयोग नाही हे पण लिहून ठेवा. मिरचीला कोरडी हवा लागते, ६०-६५ टक्के आर्द्रता, नाही तर बुरशी. संत्र्याला ९० च्या वर. मिरचीच्या चेंबरची कॉइल, ब्लोअर सगळं हवेतलं पाणी ओढून घ्यायच्या हिशोबानं बसवलेलं असतं. तिथं संत्रा ठेवला की थंड राहतो पण सुकतो, आणि तुम्ही विकता वजनावर. वरून वास लागतो तो वेगळाच. संत्र्यासाठी कॉइल मोठी हवी, म्हणजे कॉइल आणि खोलीच्या तापमानात फरक कमी राहतो आणि हवा कोरडी पडत नाही. कोटेशन घेताना हा एक प्रश्न विचारा, कॉइल आणि रूममध्ये किती डिग्रीचा फरक धरलाय. समोरचा गडबडला तर दुसरा बघा. स्वस्त कोटेशन बहुतेक इथंच स्वस्त झालेलं असतं.

सफरचंदाच्या कोल्डमध्ये पण ठेवू नका. सफरचंदातून इथिलीन निघतं, त्यानं संत्र्याचा हिरवा देठ काळा पडून गळतो आणि तिथूनच सड सुरू होते.

वरुडची_ताई:
आमची पण शेतकरी कंपनी आहे, पॅकहाऊस मी बघते. पोट्टा दादा, तुम्ही सगळे शेवटच्या खोलीबद्दल बोलताय, माल तिथपर्यंत कसा येतो त्याबद्दल कोणी बोलत नाही. आमच्याकडं अजूनही बाग ठोक्यात जाते, व्यापारी येतो, झाडावरची बाग बघून सौदा करतो, मग तोडणारी त्याची माणसं, आणि ती माणसं फळ पिरगाळून ओढतात. ओढलं की देठाजवळची साल फाटते. डोळ्याला दिसत नाही एवढीशी फाट, पण हिरवी बुरशी तिथूनच शिरते. असा माल कोल्डमध्ये ठेवलात तर वीज जाळून सडका माल सांभाळणं झालं. कात्रीनं तोडायचा, देठ फळाला राहू द्यायचा पण एकदम टेकून कापायचा, लांब देठ राहिला तर क्रेटमधल्या शेजारच्या फळाला टोचतो. मजूर कुरकुरतात, कात्रीनं वेळ लागतो, रोज जास्त मागतात. आम्ही देतो. सुरुवातीला सभासदांनी डोक्यावर घेतलं होतं मला यावरून, आता बोलत नाहीत.

अजून एक लोकांना उलटं वाटतं ते. सकाळी लवकर, दव असताना तोडू नका. भाजीला ते चालतं, संत्र्याला नाही. ओलं, टरटरीत फळ दाबलं गेलं की सालीतलं तेल बाहेर येतं आणि तिथं डाग उमटतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतो. दव उतरल्यावर तोडायचा, आणि उन्हात ढीग न घालता लगेच सावलीत. आंबियाच्या वेळी हे फार जाणवतं कारण धुकं असतं.

आंबियाचं दुसरं म्हणजे रंग. ऑक्टोबरात आतून गोड झालेला असतो पण वरून हिरवा. बाहेरच्या बाजारात हिरवा कोणी घेत नाही. त्यासाठी बंद खोलीत अगदी थोडं इथिलीन, पाच ते दहा पीपीएम, २८-३० डिग्रीला, आर्द्रता भरपूर, दोन-तीन दिवस ठेवून रंग आणतात. म्हणजे त्या वेळी तुम्हाला थंड नाही, उबदार खोली लागते. एकाच इमारतीत दोन्ही सोयी करता येतात पण रिपोर्टमध्ये ती खोली धरली आहे का बघा, बहुतेक नसेल.

नरखेडचा_पोट्टा:
नाहीये ताई. आत्ताच बघितलं. ग्रेडिंग लाईन आहे, वॅक्सिंग आहे, पण तोडा, क्रेट, रंगाची खोली काहीच नाही. आणि प्री-कूलिंगसाठी, म्हणजे साठवायच्या आधी माल थंड करायला, एका ओळीत ‘आवश्यकतेनुसार’ लिहिलंय.

थंडडोकं:
‘आवश्यकतेनुसार’ 😀 म्हणजे बसवणार नाहीत.

हे जरा समजून घ्या कारण सगळी गंमत यातच आहे. समजा १० टन संत्रा ३५ डिग्रीला आला आणि ७ डिग्रीला न्यायचा आहे. संत्र्यात बहुतेक पाणीच, तर त्यातली उष्णता काढायला दहा तासांत काम संपवायचं असेल तर साधारण ८ टनांचं रेफ्रिजरेशन (हा टन वजनाचा नाही, मशीनच्या थंड करायच्या ताकदीचा) नुसतं फळासाठी लागतं, भिंती-दरवाजे-माणसं-पंखे वेगळे. साठवणुकीची खोली एवढ्या ताकदीची नसते, ती आधीच थंड झालेला माल थंड ठेवायला बनवलेली असते. तिच्यात गरम माल भरला की मालाचा मधला भाग दोन-तीन दिवस कोमटच राहतो, तोपर्यंत आधी ठेवलेला माल पण गरम होतो, भिंतीला पाणी सुटतं, आणि मग फोन येतो की साहेब मशीन कमी पडून राहिली.

प्री-कूलिंग म्हणजे फार मोठी जादू नाही. क्रेटच्या दोन रांगा, मध्ये बोगदा, वरून ताडपत्री, एका टोकाला मोठा पंखा जो थंड हवा क्रेटच्या भोकांतून ओढतो. खोलीत नुसता ठेवला तर दिवस-दीड दिवस लागतो ते काही तासांत होतं. क्रेटला भोकं हवीत आणि खोक्यांची भोकं एकमेकांसमोर यायला हवीत, एवढं तर कळतं ना, पण मी अशी पॅकहाऊस पाहिलीत की खोक्यावर ब्रँडचं चित्र छान यावं म्हणून भोकंच बंद केलेली.

चाकजाम:
आता माझा नंबर. मी रीफर गाड्यांच्या धंद्यात आहे, वर्धा रोडला ऑफिस, काश्मीर ते कन्याकुमारीचा ४४ नंबरचा महामार्ग आणि सुरत-पारादीपचा ५३ दोन्ही इथून जातात म्हणून नागपुरात बसलोय, नाही तर कधीच पुण्याला गेलो असतो. थंडडोकं भाऊंनी जो आकडा दिला तोच गाडीला लावा. दहा टनी गाडीवरच्या युनिटची ताकद बहुतेक वेळा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असते, आणि एप्रिलच्या उन्हात त्यातला बराच भाग बॉडीतून शिरणारी गरमी काढण्यातच जातो. म्हणजे शेतातून गरम संत्रा डायरेक्ट रीफरमध्ये भरला तर गाडी दिल्लीला पोचेपर्यंत पण माल आतून थंड होत नाही. लोकं एसी गाडीचं भाडं भरतात, माल गरम उतरतो, आणि मग ट्रान्सपोर्टवाला चोर. मी आता भरायच्या आधी दोन-तीन फळांत थर्मामीटर खुपसतो, १० च्या वर असलं तर बिल्टीवर लिहून सही घेतो. पार्टी नाराज होते, होऊ द्या.

भरण्याची पण तऱ्हा असते. फेऱ्याचं भाडं ठरलेलं म्हणून छतापर्यंत ठासतात. छताखाली लाल रेघ असते ती कशाला असते? वरून हवा मागच्या दरवाजापर्यंत जायची वाट आहे ती. खाली फ्लोअरच्या खाचा, समोर हवा परत यायची जागा, हे सगळं क्रेटनी बुजवलं की समोरचा माल गोठतो आणि दरवाजाजवळचा शिजतो, आणि डिस्प्लेवर मस्त ६ डिग्री दिसत असते. डिस्प्ले परत येणारी हवा दाखवतो, तुमचा संत्रा नाही.

छोट्या गाड्यांत अजून घोळ. पिकअप, ४०७ साईजमध्ये कंप्रेसर बरेचदा गाडीच्या इंजिनवरच चालतो. इंजिन बंद तर थंडी बंद. टोलला लाईन, मार्केटच्या गेटवर लाईन, ड्रायव्हर जेवायला धाब्यावर, झालं. मोठ्या गाडीवर वेगळं डिझेल युनिट असतं, त्याचा डिझेल टँक वेगळा, आणि रात्री ते बंद करून डिझेल वाचवणारे ड्रायव्हर सगळ्या देशात आहेत, खोटं कशाला बोलू. इलाज एकच, मालाच्या मधोमध एक छोटा डेटा लॉगर टाका, दरवाजाजवळ नाही, मधोमध. उतरल्यावर लॅपटॉपला लावला की कुठं किती वेळ युनिट बंद होतं सगळा ग्राफ येतो. ड्रायव्हरला निघतानाच दाखवून ठेवा की आत बसलाय म्हणून.

बोंडअळी:
म्हंजे सीसीटीव्ही संत्र्याच्या पोटात 😂

कलमना_कट्टा:
हे सगळं बरोबर आहे, तुमचा डेटा, तुमचा ग्राफ. पण भाऊ माल शेवटी येते कुठं? माझ्या दुकानासमोर. कलमन्यात संत्रा टनावर बोलीत जाते, ढेरी बघून. बोली लावणारा फळ हातात घेते, साईज बघते, रंग बघते, एखादं सोलून खाते, बस. तुमच्या मालाला प्री-कूलिंग झालं होतं का, देठ कात्रीनं कापला होता का, याचे पैसे बोलीत येत नाही. उलट कोल्डचा माल म्हटलं की दोन रुपये कमी लावतात, म्हणतात हा बसलेला माल आहे, किती दिवसाचा आहे कोणाला माहीत. आणि खरं सांगू का, ते पण चूक नाही. एप्रिल-मेच्या उन्हात कोल्डमधून काढलेला थंड संत्रा उघड्या शेडमध्ये ओतला की त्याला घाम सुटते, ओला होते, दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरं आलेलं असते. म्हणून व्यापारी घाबरते.

ते पाच हजार टन वगैरे तं सोडाच. माझं म्हणणं एवढंच, थंड माल विकत घेणारा गिऱ्हाईक आधी पकडा, मग खोली बांधा. तो गिऱ्हाईक कलमन्यात नाही.

आणि बांगलादेशचं पण सांगतो, कारण रिपोर्टवाले त्याच्यावर पण गणित बांधतात. आपला बारका आणि मधला संत्रा मोप तिकडं जात होता. त्यांनी आयात शुल्क वाढवत नेलं, २०१९ ला किलोमागे २० टका होतं ते २०२३ ला ८८ टका झालं. आता एवढा टॅक्स भरून माल न्यायचा कोणी? त्या वर्षी तिकडं जाणारा माल सगळा इथंच ढेरीवर आला आणि भाव काय झाले ते तुमच्या बाबांना विचारा. कोल्ड असतं तरी काय केलं असतं, गिऱ्हाईकच गेलं तं माल ४५ दिवस ठेवून ४६ व्या दिवशी पण तोच प्रश्न.

वरुडची_ताई:
कट्टा भाऊ, घाम सुटण्याचं खरंय पण त्याला उपाय आहे, माल ७ वरून एकदम ४२ मध्ये काढायचा नाही. मधल्या खोलीत १८-२० ला काही तास ठेवायचा आणि मग रात्री भरायचा. आम्ही तसंच करतो आणि कलमन्यात नेतच नाही, बाहेरच्या राज्यातल्या दोन-तीन मोठ्या घाऊकवाल्यांना खोक्यात देतो, ते साईजप्रमाणे भाव देतात. त्यांना संत्रा थंड मिळाला की त्यांच्याकडे अजून आठ-दहा दिवस टिकतो, याचे पैसे ते देतात. भरपूर देतात असं नाही, पण देतात. जानेवारीत जाऊ नका मात्र, तेव्हा उत्तरेत पंजाबचा किन्नो, म्हणजे तिकडचा संत्रा, ओतत असतो. तो ओसरायला लागला की मृगाचा चांगला माल काढायचा.

आणि किसान रेल आठवते का? ७ ऑगस्ट २०२० ला देवळालीहून दानापूरला पहिली सुटली, मग त्याच ऑक्टोबरात आपल्याकडून संत्रा घेऊन दिल्लीला, पुढे बांगलादेशातल्या बेनापोलपर्यंत गाड्या गेल्या. भाड्यात ५० टक्के सवलत होती म्हणून सगळे तुटून पडले. आमच्या वरुड ऑरेंज सिटी स्टेशनवर एवढी गर्दी मी पहिल्यांदा पाहिली. पण ते डबे साधे पार्सल व्हॅन होते, थंड नाही. माल वेळेत पोचला तर चांगला पोचला, मधे कुठं डबा उन्हात उभा राहिला तर गेला. तरी ट्रकपेक्षा हादरे कमी, म्हणून फळ दबत नाही, तो फायदा होता. सवलत संपली तशी गर्दी पण संपली.

चाकजाम:
ताई, रेल्वेचं नाव काढलं तर सांगतो, आमच्या धंद्यातली खरी स्वस्ताई परतीच्या भाड्यात आहे. नागपूरला आइस्क्रीम, चीज, चॉकलेट, फ्रोझन मटार, औषधं घेऊन रीफर येतात आणि बऱ्याच वेळा रिकाम्या परततात. गाडी रिकामी नेण्यापेक्षा कमी भाड्यात संत्रा नेलेला परवडतो. शेतकरी कंपनीनं स्वतःच्या दोन रीफर घेण्यापेक्षा असं भाडं पकडावं. स्वतःची गाडी म्हणजे मृगाचे दोन-अडीच महिने काम आणि बाकी वर्ष हप्ता. मी धंदेवाला असून सांगतो, घेऊ नका.

फक्त एक जपा. आइस्क्रीमवाली गाडी उणे १८ वर सेट असते. एका पार्टीचा भाज्यांचा माल ड्रायव्हरनं सेटिंग न बदलता भरला, सकाळी शिमला मिरची दगड. भरायच्या आधी सेटिंग स्वतः बघा, बॉडीत आधीचा वास, पाणी, आइस्क्रीमची चिकट सांडलवंड नाही ना बघा, आणि गाडी रिकामी असतानाच आत ६-७ पर्यंत थंड करून आणायला सांगा. मुंबईसाठी समृद्धीनं जा, ७०१ किलोमीटर आहे आणि ५ जून २०२५ पासून पूर्ण उघडलाय, संध्याकाळी निघालेली गाडी पहाटे वाशीच्या बाजाराच्या आसपास असते. तेवढ्या वेळेसाठी तर हिवाळ्यात रीफर लागतच नाही, साधी गाडी आणि रात्रीचा प्रवास पुरे.

झिरोमाईल:
बँकेत होतो, आता रिटायर. पैशाचं लिहितो कारण सबसिडी या शब्दावर सगळे घसरतात. कोल्ड स्टोरेजला आपल्याकडं ३५ टक्के, डोंगरी आणि अनुसूचित भागात ५० टक्के. पाच हजार टनांपर्यंत राज्याच्या फलोत्पादन अभियानातून, त्यावरचं राष्ट्रीय बागवानी बोर्डाकडून. म्हणून कन्सल्टंटचा रिपोर्ट बरोब्बर पाच हजारावर येऊन थांबतो, गावात तेवढा संत्रा आहे की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. एक टनाला ३.४ घनमीटर जागा धरतात, तुमची इमारत १७ हजार घनमीटरची होते, ती दहा महिने रिकामी थंड करणार का?

दुसरं, ही ३५ टक्के आधी हातात येत नाहीत. कर्जाशी जोडलेली आणि शेवटाला येणारी सबसिडी आहे ती. आधी तुमचा वाटा, मग बँकेचं कर्ज, मग काम पूर्ण, तपासणी, मग अनुदान बँकेत येऊन कर्जखात्यात. मधल्या काळातलं व्याज तुमचंच. त्यापेक्षा कृषी पायाभूत सुविधा निधी बघा, २०२० पासून आहे, दोन कोटीपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलत, सात वर्षांपर्यंत, प्री-कूलिंग, पॅकहाऊस, ग्रेडिंग सगळं त्यात बसतं, आणि दुसऱ्या योजनेच्या अनुदानासोबत घेता येतं. शेतकरी कंपनीला लहान आकाराचं करायचं असेल तर हाच मार्ग सोपा.

नरखेडचा_पोट्टा:
काका, लहान म्हणजे किती?

थंडडोकं:
मी सांगतो. तुमच्या मृगाच्या तोड्याच्या जोरात दिवसाला किती टन येतो तो आकडा काढा, वर्षाचा नाही, दिवसाचा. प्री-कूलिंग त्या आकड्याचं. समजा दिवसाला दहा टन, तर दहा टनांचं प्री-कूलिंग आणि आठ-दहा दिवसांचा माल मावेल एवढी थंड खोली, म्हणजे ऐंशी-शंभर टन, ती पण दोन भागांत की एक बंद ठेवता येईल. हे ४५ दिवस भाव चढायची वाट बघायला नाही, गाडी भरेपर्यंत आणि भाव पडलेला असेल तर चार दिवस थांबायला. मेपर्यंत धरायचा माल वेगळा निवडून, थोडाच.

आणि महावितरणचं मीटर. शेतमालाचं प्री-कूलिंग आणि कोल्ड स्टोरेज ‘कृषी-इतर’ वर्गवारीत येतं. खूप ठिकाणी उद्योगाच्या दरानं कनेक्शन दिलेलं असतं आणि वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. अर्ज करतानाच लिहून द्या. दहा महिने मशीन बंद असली तरी स्थिर आकार लागतोच, म्हणून लोड उगाच मोठा मागू नका. लाईट जाते तेव्हासाठी डीजी, म्हणजे डिझेल जनरेटर, लागेलच, त्याचा खर्च रिपोर्टमध्ये बघा किती धरलाय.

रामदासपेठी:
संत्र्याच्या धाग्यात घुसते, सॉरी. आम्ही खाणारे लोक. मे महिन्यात कॉटन मार्केटमधून सांबार (कोथिंबीर) आणला तर घरी येईपर्यंत मान टाकतो, पालक तर पिवळा. एवढी थंड खोल्यांची चर्चा चालू आहे तर भाजीवाल्यांसाठी कोणी काही करत नाही का?

वरुडची_ताई:
ताई, पालेभाजीला मशीनचं कोल्ड परवडत नाही पण आपल्या उन्हाळ्यात एक गोष्ट मस्त चालते. दिल्लीच्या पुसा संस्थेनं ऐंशीच्या दशकात काढलेली विटांची हौदी आहे, दुहेरी भिंत, मधल्या फटीत वाळू, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी, वर वाळ्याचं किंवा गोणपाटाचं झाकण. वीज शून्य. जेवढी हवा कोरडी तेवढी ती जास्त थंड होते, म्हणून नवतपात बाहेर ४५ असताना आत बरंच खाली येतं. पावसाळ्यात काही कामाची नाही, कूलरचं जसं होतं तसंच. आमच्याकडं दोन बायकांनी घराच्या मागं बांधलीय, संध्याकाळी तोडलेला सांबार-मेथी सकाळच्या बाजारापर्यंत टवटवीत राहते. संत्रा पण बाजारात न्यायच्या आधी दोन-चार दिवस ठेवता येतो.

बोंडअळी:
हे भारी आहे. पाच कोटीच्या रिपोर्टात ही हौदी नसेन.

कलमना_कट्टा:
बारक्या मालाचं कोणी बोललं नाही. गाळून उरलेला, डागी, लहान, तो कोल्डमध्ये टाकायचा विचारही करू नका, भाडं पण सुटत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये मिहानात पतंजलीचा प्लांट सुरू झाला, दिवसाला ८०० टनांची ज्यूसची क्षमता सांगतात. भाव काय देतात तो वेगळा विषय, पण बारका माल ढेरीवर ओतून चांगल्या मालाचा भाव पाडण्यापेक्षा तिकडं गेलेला बरा. पोट्ट्या, तू तं तिथंच नोकरीला आहेस, विचारून ये.

नरखेडचा_पोट्टा:
विचारतो काका 😀 रविवारी गावात बैठक आहे. पाच हजारवाला रिपोर्ट बाजूला ठेवा म्हणून सांगणार. दिवसाच्या तोड्याचा आकडा काकांच्या वहीत आहे, तो काढतो. वरुडच्या ताईंना विचारायचं होतं, तुमचं पॅकहाऊस बघायला आलो तर चालेल का, आणि कात्र्या कुठून घेतल्या? आमच्याकडं मजूर म्हणतात कात्रीनं हात दुखतात.

वरुडची_ताई:
या ना, फेब्रुवारीत या, तेव्हा काम चालू असतं, रिकामं शेड बघून काय कळणार. कात्री वाकड्या, बोथट टोकाची घ्या, सरळ टोकाची फळाला टोचते. हात दुखतात ते स्प्रिंग कडक असते म्हणून, पहिला आठवडा दुखतील. आणि मजुरांना किलोवर नाही, रोजावर ठेवा, किलोवर ठेवलं की परत ओढायला लागतात.

चाकजाम:
फेब्रुवारीत गाडी लागणार असेल तर जानेवारीतच सांगा, मार्च एंडला औषधवाले सगळ्या रीफर उचलतात आणि तेव्हा परतीचं स्वस्त भाडं विसरायचं. मला खासगीत निरोप टाका, कुठली गाडी कधी रिकामी परततेय ते कळवत जाईन.

नरखेडचा_पोट्टा:
टाकला.